मृत्युनृत्य : लाकडी ठशांतून दिलेली शिकवण



आपल्या शाळेच्या वाचनालयात जागतिक चित्रकलेवरील एक जाडजूड पुस्तक आहे. त्यातल्या एका पानावर नववीच्या मुलांना हाडांच्या सांगाड्यांची चित्रे सापडली. एक सांगाडा राजाच्या पेल्यात मद्य ओततो आहे, दुसरा शेतकऱ्याच्या घोड्यांबरोबर धावतो आहे. मुलांनी आधी हसून घेतले आणि मग ‘ही भुतांची चित्रे आहेत का?’ असे चित्रकलेच्या शिक्षकांना विचारले. पुढे एक-दोन पालकांनीही आम्हांला विचारले की, अशी अशुभ चित्रे मुलांच्या हाती का पडू द्यावीत? प्रश्न रास्त आहे. त्याला एका वाक्यात उत्तर देण्यापेक्षा ही चित्रे कोणी काढली, का काढली आणि ती कशी तयार होत, हे सविस्तर सांगावे असे आम्हांला वाटले.

ही चित्रे हान्स होल्बाईन या जर्मन चित्रकाराची आहेत. त्याचे वडीलही चित्रकार होते आणि त्यांचेही नाव हान्सच, म्हणून याला ‘धाकटा होल्बाईन’ म्हणतात. ही चित्रमालिका ‘मृत्युनृत्य’ या नावाने जगभर ओळखली जाते. सुमारे १५२३ ते १५२६ या काळात तिची रेखाटने झाली आणि १५३८ साली ती फ्रान्समधील लिआँ शहरात पुस्तकरूपाने छापली गेली. पहिल्या आवृत्तीत ४१ चित्रे होती. प्रत्येक चित्र साधारण साडेसहा सेंटिमीटर उंच आणि पाच सेंटिमीटर रुंद, म्हणजे काड्यापेटीपेक्षा थोडेसेच मोठे!

काष्ठठसा म्हणजे काय?

ज्याला इंग्रजीत वुडकट म्हणतात, त्याला मराठीत काष्ठठसा म्हणता येईल. आपण माळव्यात राहतो, तेव्हा हे समजायला फार दूर जायला नको. धार जिल्ह्यातील बाघ गावचे छापील कापड आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. तेथील कारागीर लाकडी ठसा रंगात बुडवून कापडावर दाबतात. ठशाचा जो भाग उंच ठेवलेला असतो तो रंग घेतो आणि जो भाग कोरून खोल केलेला असतो तो कोरा राहतो. काष्ठठशाचे तत्त्व हेच आहे, फक्त कापडाच्या जागी कागद आणि फुलापानांच्या जागी माणसे.

युरोपात या कामासाठी बहुधा नासपतीच्या झाडाचे लाकूड वापरीत, कारण ते घट्ट आणि एकसारख्या पोताचे असते. फळी घासून गुळगुळीत करायची, तिच्यावर शाईने चित्र काढायचे आणि मग धारदार सुरीने रेषांच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकायचे. शेवटी फक्त रेषा उभ्या राहतात. त्यांवर शाई लावून कागद दाबला की चित्र उमटते, पण उलटे! डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे. म्हणून ठशावर अक्षरे कोरायची असतील तर ती आरशात दिसतात तशी कोरावी लागतात.

या पद्धतीचा मोठा फायदा असा की, फळीची जाडी छपाईच्या खिळ्यांच्या उंचीइतकी ठेवली तर चित्र आणि मजकूर एकाच वेळी, एकाच दाबात छापता येतात. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रांना ही सोय नसते. तेथे शाई कोरलेल्या खाचेत भरावी लागते आणि छपाईचे यंत्रही वेगळे लागते. त्यामुळे पुस्तकात चित्र घालायचे तर काष्ठठसा हाच सोपा आणि स्वस्त मार्ग होता. एका राजाच्या महालात टांगलेले तैलचित्र किती लोक पाहणार? काष्ठठशाचे चित्र मात्र शेकडो प्रतींतून शिक्षक, व्यापारी, कारागीर अशा सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोहोचे.

मृत्यू इतका जवळ का होता?

१३४७ ते १३५१ या काळात युरोपात प्लेगची भयंकर साथ आली. निदान एक तृतीयांश लोक तिच्यात दगावले असे इतिहासकार मानतात. १८९६ साली मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात ज्या प्लेगने हाहाकार माजवला, तोही याच जातीच्या जंतूमुळे झालेला रोग होता. युरोपात ही साथ एकदा येऊन थांबली नाही. पुढची तीनशे वर्षे ती दर काही वर्षांनी या ना त्या शहरात परत येत राहिली.

अशा काळात चर्चच्या आणि दफनभूमीच्या भिंतींवर एक नवे चित्र दिसू लागले. एक सांगाडा, एक माणूस, पुन्हा एक सांगाडा, पुन्हा एक माणूस, अशी हात धरून चाललेली लांबच लांब रांग. पुढे पोप आणि सम्राट, मागे व्यापारी, शेतकरी, लहान मूल. पॅरिसच्या एका दफनभूमीच्या भिंतीवर १४२४-२५ साली असे चित्र रंगवले गेले. स्वित्झर्लंडमधील बासेल शहरातही पंधराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास एका दफनभूमीच्या भिंतीवर असे मोठे चित्र रंगवण्यात आले. ती भिंत १८०५ साली पाडली गेली. तिचे काही तुकडे तेथील संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

याच शतकात ‘मरणाची कला’ शिकवणारी छोटी सचित्र पुस्तकेही निघाली. त्यांच्या एका प्रसिद्ध संचात ११ काष्ठचित्रे आहेत. माणूस अंथरुणावर शेवटच्या घटका मोजतो आहे, एका बाजूने सैतानाची पिलावळ त्याला निराशा, लोभ, गर्व यांच्याकडे ओढते आहे आणि दुसऱ्या बाजूने देवदूत त्याला धीर देत आहेत. साथीच्या काळात प्रत्येक मरणाऱ्याच्या उशाशी धर्मगुरू पोहोचणे अशक्य होते. ज्याला वाचता येत नव्हते, त्यालाही ही चित्रे पाहून आधार मिळे.

मग १४९८ साली न्यूरेम्बर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने बायबलच्या अखेरच्या ग्रंथावर, म्हणजे जगाच्या अंताच्या वर्णनावर, १५ मोठे काष्ठठसे प्रसिद्ध केले. त्यातील ‘चार घोडेस्वार’ हे चित्र फार गाजले. चौथा घोडेस्वार म्हणजे मृत्यू. मरतुकड्या घोड्यावर बसलेला तो म्हातारा, त्या टापांखाली राजे-रजवाडे आणि सामान्य माणसे एकत्र तुडवली जात आहेत. काष्ठठसा म्हणजे जत्रेत विकायचे ओबडधोबड चित्र, हा समज ड्यूररने मोडून काढला.

होल्बाईनने काय बदलले?

होल्बाईनचा जन्म १४९७-९८ च्या सुमारास आउग्सबुर्ग शहरात झाला. सतरा-अठरा वर्षांचा असताना तो बासेलला आला. बासेल हे त्या काळी छपाईचे मोठे केंद्र होते. इरॅस्मससारखा विद्वान आपली पुस्तके तेथे छापून घेत असे. होल्बाईनला तेथील छापखान्यांचे भरपूर काम मिळाले : मुखपृष्ठे, नक्षीदार अक्षरे, बायबलमधील प्रसंग. दफनभूमीच्या भिंतीवरील ते लांबलचक चित्र त्याच शहरात होते.

भिंतीवरच्या चित्रात सगळे एका रांगेत नाचत होते. होल्बाईनने ही रांग मोडली. त्याने प्रत्येक माणसाला त्याच्या घरात, कचेरीत, शेतात, जहाजावर, म्हणजे जेथे तो रोज असतो तेथेच दाखवले आणि मृत्यूला तेथे पाठवले. आमच्या मते या मालिकेचे सारे मर्म या एका बदलात आहे. मृत्यू येतो तेव्हा माणूस काय करीत होता, हे आपल्याला दिसते. त्यामुळे चित्र मरणाचे असूनही आपले लक्ष जगण्यावर जाते.

सुरुवात बायबलमधील कथेने होते. देव पहिली स्त्री निर्माण करतो, मग मोह, मग स्वर्गीय बागेतून हकालपट्टी. चौथ्या चित्रात आदम घाम गाळून जमीन खणतो आहे, मागे ईव्ह बाळाला पाजते आहे आणि आदमच्या शेजारी सांगाडा तेच काम करतो आहे. श्रम आणि मृत्यू दोन्ही माणसाच्या वाट्याला एकदमच आले, हा ख्रिस्ती धर्मातील विचार येथे शब्दाविना सांगितला आहे.

नंतर एकेक माणूस येतो. काही चित्रे पाहू.

न्यायाधीश. एका बाजूला श्रीमंत माणूस पैशाच्या थैलीत हात घालून उभा आहे, दुसऱ्या बाजूला गरीब माणूस. न्यायाधीशाचा हात श्रीमंताकडे पसरलेला आहे. मागून मृत्यू त्याचा न्यायदंड हिसकावून घेतो.

श्रीमंत माणूस. जाड गजांची खिडकी असलेल्या तळघरासारख्या खोलीत तो पेट्या आणि नाण्यांमध्ये बसला आहे. मृत्यू त्याला हातही लावत नाही, तो टेबलावरची नाणी गोळा करतो. हा गृहस्थ मात्र जीवच चालल्यासारखा ओरडतो आहे.

वैद्य. मृत्यू स्वतःच एका म्हाताऱ्या रोग्याला घेऊन त्याच्याकडे येतो. त्या काळी मूत्र पाहून निदान करीत, म्हणून मृत्यूच्या हातात तपासणीची काचेची बाटलीही आहे. दुसऱ्यांना बरे करणाऱ्या, तुझे काय, असा प्रश्न त्याच्या त्या अदबीतच आहे.

ज्योतिषी. तो ग्रहगोलांच्या नमुन्याकडे टक लावून बसला आहे आणि मृत्यू त्याच्यासमोर एक कवटी धरतो. आकाशाचा अभ्यास केलास, आता हाही एक गोल पाहा!

फेरीवाला. पाठीवर भले मोठे ओझे घेऊन तो निघाला आहे. मृत्यू त्याची बाही ओढतो आणि हा बिचारा बोटाने पुढची वाट दाखवतो, जणू अजून मला दूर जायचे आहे.

धर्मगुरूही यातून सुटलेले नाहीत. एक जोगीण प्रार्थनेला गुडघे टेकून बसली आहे, पण मान वळवून पाहते आहे वीणेसारखे वाद्य वाजवणाऱ्या तरुणाकडे. आणि याच्या अगदी उलट, एक साधा पाद्री एका आजारी माणसाकडे प्रसाद घेऊन निघाला आहे. त्याच्या पुढे कंदील आणि घंटी घेऊन मृत्यूच वाट दाखवत चालला आहे. या चित्रात थट्टेचा लवलेश नाही. कर्तव्य करीत असलेल्या माणसाबरोबर मृत्यू सेवकासारखा चालतो.

ही जाणीव शेतकऱ्याच्या चित्रात सर्वांत जास्त आहे. फाटक्या कपड्यांतला वयस्क शेतकरी नांगर धरून चालला आहे. मृत्यू घोड्यांच्या बाजूने चाबूक घेऊन धावतो आहे, म्हणजे त्याचे शेवटचे तास उरकायला मदत करतो आहे. दूर गाव, चर्चचे शिखर आणि मावळत्या सूर्याचे किरण. हे चित्र तयार होत होते त्याच सुमारास, १५२४-२५ साली, जर्मन प्रदेशात शेतकऱ्यांनी मोठा उठाव केला होता आणि तो अत्यंत क्रूरपणे चिरडला गेला. होल्बाईनने राजकीय मत लिहून ठेवलेले नाही. पण न्यायाधीशाला कसे काढले आणि शेतकऱ्याला कसे काढले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की त्याची सहानुभूती कोठे होती ते लपत नाही.

आणि एक चित्र असे आहे की ते पाहताना आम्हांला पान उलटवेना. मोडकळीस आलेल्या झोपडीत आई चुलीपाशी काहीतरी शिजवते आहे. मृत्यू तिच्या लहान मुलाचा हात धरून त्याला बाहेर नेतो आहे. मूल मागे वळून हात पुढे करते. येथे कोणाचा दोष नाही, कोणाला शिक्षा नाही. न्याय-अन्यायाच्या हिशेबात न बसणारे मरणही असते, हे चित्रकाराने प्रामाणिकपणे मान्य केले आहे.

अनेक चित्रांत कोठेतरी वाळूचे घड्याळ ठेवलेले दिसते. विद्यार्थ्यांनी ते शोधून पाहावे, डोळ्यांना चांगला व्यायाम होतो. मालिकेच्या शेवटी अंतिम न्यायाचे चित्र आहे आणि त्यानंतर मृत्यूचे राजचिन्ह : फाटक्या ढालीवर कवटी आणि वर तेच वाळूचे घड्याळ.

कोरणारा हात

आता एक गोष्ट अशी, जी पुष्कळांना ठाऊक नसते. होल्बाईनने चित्रे काढली, पण लाकूड त्याने कोरले नाही. त्या काळी हे दोन वेगळे व्यवसाय होते. कोरण्याचे काम हान्स ल्यूत्सेलबुर्गर नावाच्या कारागिराने केले. पाच सेंटिमीटर रुंदीत घर, माणसे, घोडे, चेहऱ्यावरचे भाव, सूर्याचे किरण! केसासारखी रेषा उभी ठेवून तिच्या भोवतीचे लाकूड काढायचे. सुरी जरा घसरली की रेषा गेली, आणि गेलेली रेषा परत लावता येत नाही. जाणकारांच्या मते काष्ठठशाच्या इतिहासात इतके सूक्ष्म कोरीवकाम फार क्वचित झाले आहे.

१५२६ साली, काम पूर्ण होण्यापूर्वीच, ल्यूत्सेलबुर्गर मरण पावला. मृत्यूची चित्रे कोरता कोरताच त्याचे वाळूचे घड्याळ रिकामे झाले. त्याच्यावर देणे होते आणि ठसे लिआँच्या ट्रेक्सेल या मुद्रकांच्या हाती गेले. बारा वर्षांनी त्यांनीच पुस्तक छापले. प्रत्येक चित्राच्या वर लॅटिनमध्ये बायबलचे वचन, खाली फ्रेंचमध्ये चार ओळींचे पद्य. प्रस्तावनेत अशी हळहळ व्यक्त केली आहे की, ज्याने ही सुंदर चित्रे घडवली तो आता हयात नाही आणि काही चित्रे अपुरी राहिली. होल्बाईन तर तेव्हा लंडनमध्ये जिवंत होता. म्हणून हा उल्लेख ल्यूत्सेलबुर्गरचाच असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. गंमत म्हणजे पुस्तकात नाव दोघांचेही नाही. फक्त सरदारीण बाईच्या चित्रात, तिच्या पलंगाच्या पायथ्याशी, दोन रोमन अक्षरे कोरलेली आहेत : एच आणि एल. ती त्या कोरक्याची खूण.

पुढील आवृत्त्यांत अपुरी राहिलेली चित्रेही आली आणि चित्रांची संख्या पन्नासच्या वर गेली. इतर देशांत नकला निघाल्या, भाषांतरे झाली.

होल्बाईन इंग्लंडमध्ये राजा आठव्या हेन्रीचा चित्रकार झाला. १५३३ साली त्याने ‘राजदूत’ हे प्रसिद्ध तैलचित्र काढले. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात दोन ऐटबाज तरुणांच्या पायाशी एक विचित्र तिरपा आकार आहे. चित्राच्या अगदी कडेला जाऊन पाहिले की ती कवटी असल्याचे कळते. १५४३ च्या शरद ऋतूत लंडनमध्येच त्याचा मृत्यू झाला. त्या वर्षी तेथे प्लेग होता आणि तोच त्याच्या मृत्यूचे कारण असावा असे मानले जाते. ऑक्टोबरमध्ये त्याने केलेले छोटेसे मृत्युपत्र उपलब्ध आहे. त्यात कलेविषयी एक शब्द नाही. माझे सामान आणि घोडा विकून देणी फेडावीत आणि माझ्या दोन तान्ह्या मुलांच्या पालनपोषणाची सोय व्हावी, एवढाच त्याचा आशय आहे.

मग मुलांनी ही चित्रे पाहावीत का?

आमचे उत्तर होकारार्थी आहे. आपल्याकडे ‘स्मशानवैराग्य’ हा शब्द आहे. चिता पेटेपर्यंत सर्व व्यर्थ वाटते आणि घरी येऊन आंघोळ केली की वैराग्य वाहून जाते. होल्बाईनला हे तात्पुरते वैराग्य नको होते. त्याची चित्रे काम सोडायला सांगत नाहीत. नांगर धरणाऱ्याने नांगर धरावा, आजाऱ्याकडे जाणाऱ्याने वाटेत थांबू नये, न्याय देणाऱ्याने हात पसरू नये. घड्याळ चालू आहे, तेव्हा आपले काम आजच नीट करावे, इतकेच त्यांचे म्हणणे आहे.

दुसरेही एक कारण आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्या अनेक घरांतील कोणी ना कोणी गेले. कित्येकांना शेवटचे पाहताही आले नाही. तेव्हा मुले लहान होती, मोठ्यांनी त्यांना ‘आजोबा देवाघरी गेले’ इतकेच सांगितले आणि विषय बंद केला. ती मुले आता मोठी झाली आहेत, प्रश्न मात्र त्यांच्या मनात तसाच आहे. शाळेत आम्ही जन्मापासून प्रजननापर्यंत सर्व शिकवतो, पण याविषयी गप्प बसतो. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका साथग्रस्त समाजाने हा विषय चित्रांतून घरोघर नेला, त्यावर हसला, रडला आणि बोलला. हे बोलणे घरातही व्हावे अशी पालकांना आमची विनंती आहे. मूल विचारील तेव्हा त्याला गप्प करू नये.

विद्यार्थ्यांसाठी एक काम. एक साधे खोडरबर घ्या. त्यावर पेन्सिलीने आपल्या आवडत्या व्यवसायातील माणूस काढा. मोठ्यांच्या देखरेखीखाली रेषांभोवतीचा भाग कोरून काढा, स्टँपपॅडवर दाबा आणि कागदावर उमटवा. कोपऱ्यात आपले एक अक्षर उलटे कोरायला विसरू नका. पहिल्या प्रयत्नात रेषा तुटेल. दुसऱ्यांदा ती टिकेल आणि तेव्हा ल्यूत्सेलबुर्गर कोण होता हे तुम्हांला पुस्तकापेक्षा जास्त चांगले समजेल. चांगले ठसे चित्रकलेच्या शिक्षकांकडे द्यावेत. ते वाचनालयाबाहेरच्या फलकावर लावले जातील.